एकोणीस रेघा

आगरवाड्याच्या मिठागरावर
सुभद्रा पालयेकर कोळशाने रेघा मारते
कोठाराच्या चिऱ्यांवर, टोपलीमागे एक.
पाचवीला आडवी घालून जुडी बांधत नाही.
"उभी आहे ती उभीच राहू दे, मास्तर.
निजवायची कशाला?"

त्या संध्याकाळी एकोणीस होत्या.
पेडण्याच्या शाळेत तेहतीस वर्षं
लसावि मसावि शिकवून नजर बिघडलेली माझी;
मला रेघा दिसल्याच नाहीत, संख्या दिसली:
१११११११११११११११११११
परार्धाच्याही एक घर पुढे जाऊन थांबलेली,
सगळ्या अंगाने एकच अक्षर.

घरी येऊन वही काढली.
तीन एक असते, तर सदतीस त्रिक एकशे अकरा,
पोरंसुद्धा सांगतात.
तेरा एकांना त्रेपन्न आतून पोखरतो,
शिवाय एकोणऐंशी.
सतरा एक दिसायला अगदी अभेद्य,
पण वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस
नावाचा कुणी एक दबून बसलेला असतो त्यांच्यात,
आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळावं तसं
ते कळतं.

एकोणीस एकांना भागणारा कुणी असलाच
तर तो अडतिसाच्या पाढ्यात
एक पाऊल पुढे टाकून उभा असणार, असा नियम आहे.
म्हणून एकशे एक्याण्णव. भागून पाहिलं.
बाकी चौऱ्याऐंशी.
दोनशे एकोणतीस. बाकी एकशे ऐंशी.
चारशे एकोणीस. बाकी दोनशे पंचवीस.
वर्गमूळ शंभर कोटींच्या पलीकडे,
आणि माझ्याकडे एक पेन्सिल, रक्तदाबाच्या गोळ्या,
खाजनावरून येणारे डास.

भाच्याने फोनवर बोट फिरवलं,
"मूळ आहे, मामा," म्हणाला, आणि जेवायला बसला.
मला राग आला. का, ते सांगता येत नाही.
नाव विचारायच्या आधीच कुणी
माणसाची जात सांगून टाकावी, तसं काहीतरी.

सकाळी डिचोलीहून गडेकरचा टेम्पो आला.
गडेकर म्हणाला, टोपल्या अठरा.
सुभद्रा म्हणाली, एकोणीस.
"भिंतीवर रेघ कुणीही ओढील."
"कुणीही नाही. मी ओढली."
मग दोघंही माझ्याकडे वळले.
"मास्तर इथंच होते की काल. मास्तर सांगतील."

मी तोंड उघडलं.
अठरा एकांना तीन भागतो, सात भागतो,
अकरा, तेरा, सदतीस भागतात, खुद्द एकोणीस भागतो,
अठरा म्हणजे उघडी खानावळ,
हे सगळं मला पाठ होतं.
टोपल्या मी मोजल्या नव्हत्या.
एकही नाही.

अठराचे पैसे झाले.
तिने नोटा कमरेला खोचल्या,
मानशीची फळी उचलली, भरतीचं पाणी आत घेतलं.
बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

मी तिथेच बांधावर बसलो, टोपी डोक्यावर ओढून.
ऊन इथे रोज खाडीला भागतं,
सबंध चैत्र, सबंध वैशाख,
एकदाही निःशेष भाग जात नाही.
बाकी उरते ती पांढरी, फावड्याने ओढायची,
डोक्यावर घेऊन कोठारापर्यंत न्यायची,
आणि प्रत्येक खेपेला कोळसा शोधायचा.

संध्याकाळी पाहिलं, शेवटची रेघ तिने पुसली नव्हती.
तिच्याशेजारी नवी सुरुवातही केली नव्हती,
दुसऱ्या चिऱ्यावर गेली होती.
मी टोपल्या मोजायला उभा राहिलो,
मोठ्याने, ती ऐकेल अशा आवाजात.
एक.
तिने वळून पाहिलं नाही.
दोन.

वही अजून उशाशी आहे.
पुढचा चारशे सत्तावन्न.